दार वाजवणारे मोमीन सर

अण्णांची, माझ्या वडिलांची, नजर वर गेली होती. मी ती पाहिली होती. आणि मोमीन सरांच्या तोंडावर मी म्हणालो, "मला तर काही दिसलं नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप थोडं हलकं झालं असतं. त्यापुढं मी जे बोललो, ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिणार आहे. आधी सर कसे होते ते सांगतो. नाहीतर मी त्या दिवशी घराबाहेर कुणाला काढलं, ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

मोमीन सर धाराशिवला आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मी भूगोल शिकवतो. ते वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. मला नावानं हाक त्यांनी कधी मारली नाही. "काय भूगोल, आज ढग कुठं अडलेत?" म्हणत स्टाफरूममध्ये यायचे आणि खुर्चीत बसताना दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडायचे. त्यांचा आवाजच थकलेला होता. सकाळच्या पहिल्या तासालाही दिवस मावळल्यासारखा वाटायचा. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक भिंग, आणि प्रश्न विचारला की उत्तरासाठी समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबायची सवय. वर्गातली मुलं त्या थांबण्याला घाबरत. आम्हीही घाबरायचो.

त्यांची दुसरी सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. प्रयोगशाळेत कुठलीही बरणी, पेटी, डबा उघडण्याआधी ते बोटानं दोनदा वाजवायचे. आत झुरळ असो, गांडूळ असो, गोगलगाय असो. टक टक. मग क्षणभर थांबून झाकण काढायचे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, झुरळ काय 'या, बसा' म्हणणार हाय का?"

"न्हाय म्हणणार," सर म्हणाले. "पण मी कुणाच्या तरी घरात चाललोय, हे मला तर कळतं ना."

मुलं हसली. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना माघारी 'दारवाजवे' म्हणायचो. मीच ते नाव पाडलं होतं.

सरांना आयुष्यभर एकच प्रश्न पडलेला होता. आत कुणी आहे का? माणसाचं आपण गृहीत धरतो, गाईम्हशीचं डोळ्यांवरून ताडतो, कुत्रं तर बोलतंच. पण ज्याचं तोंड आपल्यासारखं नाही, जो ओरडत नाही, त्याचं काय? त्याला नुसता चटका बसतो, की चटका बसल्याचं त्याला कळतंसुद्धा? या दोन गोष्टींमधलं अंतर ते अर्धा अर्धा तास समजावून सांगायचे. ऐकणाऱ्याची बस चुकली तरी त्यांना पत्ता नसायचा. सांगतो ते खरं सांगतो, सर कंटाळवाणेसुद्धा होते.

एका पावसाळ्यात त्यांनी घरच्या न्हाणीघरात टब ठेवून तेरणा नदीतले खेकडे पाळले. टबात दोन बाजूंना दोन फुटकी कौलं पालथी घातली. खेकड्याला अंधार लागतो, तो कौलाखाली शिरणार. मग एका कौलाखाली त्यांनी बॅटरीची तार नेली. अगदी बारीक झटका. खेकडा बाहेर पळाला तर त्यात विशेष काही नाही, असं त्यांचं म्हणणं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंबही पळतो. पण दुसरं कौल काढून घेतलं आणि वर लख्ख प्रकाश सोडला, तेव्हा तोच खेकडा झटका खात जास्त वेळ आत थांबायला लागला. प्रकाश कमी केला की लवकर बाहेर यायचा.

"बघ भूगोल," सर मला टबापाशी उकिडवं बसवून म्हणाले, "ह्यो तोलतोय. अंधारही पाहिजे, झटकाही नको. दोन्हीतलं काय सोसायचं, ते ठरवतोय. ठरवायला आत कुणीतरी लागतं का न्हाय?"

"लागतं," मी पाय अवघडल्यामुळं म्हणालो.

"मला नक्की माहीत न्हाय," ते म्हणाले. "हेच करणारं यंत्र कुणी बनवलं तर? पण मला आता नीट झोप येत न्हाय, एवढं खरं."

दारातून सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, म्हणाल्या, "झोप कशी येईल? ह्यांना खेकड्याचं दुखतं ते कळतं. माझे गुडघे रोज रात्री ठणकतात, ते न्हाय कळत. मी पण न्हाणीत कौलाखाली जाऊन बसते, म्हणजे बघतील."

सर हसले. पण त्या गुडघ्यांकडं त्यांनी पाहिलं नाही, हे मला आठवतं. टबाकडंच बघत होते.

आठवडाभरात त्यांनी तो प्रयोग मोडला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुखतं का ते कळण्यासाठी दुखवावं लागतं. ही कसली परीक्षा रे?" मग खेकडे घागरीत भरून, वर फडकं बांधून, ते नदीत सोडायला तेरच्या बसमध्ये बसले.

ती बस माझे वडील चालवत होते. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आम्ही तेरचेच. फडकं सुटलं, एक खेकडा सीटांखालून चालत पुढं आला आणि एका बाईनं किंकाळी फोडली. अण्णांनी आरशात पाहिलं, बस शांतपणे कडेला घेतली आणि मागं न वळता म्हणाले, "मास्तर, मागल्या हप्त्यात ह्यास्नी पकडून नेलं तवाबी माज्याच गाडीत होता. आता सोडाया निघालाव. ह्यास्नी पासच काढून द्या की."

सगळी बस हसली. सरांनी खेकड्यापुढं पत्र्यावर टक टक केलं आणि त्याला फडक्यात उचललं. अण्णांनी ते आरशातून पाहिलं. घरी येऊन म्हणाले, "तुमचा त्यो मास्तर येडा हाय. पण चांगला येडा हाय." अण्णा कुणाला सहसा चांगलं म्हणत नसत.

खेकड्यांवरून स्टाफरूममध्ये सरांची टर उडायचीच. आम्हा बहुतेकांच्या घरी पावसाळ्यात खेकड्यांचा रस्सा व्हायचा, आणि जिवंत खेकडेच उकळत्या पाण्यात पडायचे. कुणी म्हणालं, "सर, तुमच्यात तर खेकडा खात नाहीत. तुम्हाला काय त्रास?"

"म्हणून तर मला विचारणं सोपं पडतं," सर म्हणाले. "बकऱ्याचं विचारायची माझी अजून हिंमत न्हाय."

पुढं फोनमध्ये बोलणारी ती यंत्रं आली. एका मुलानं स्टाफरूममध्ये फोन आणला. त्यात काहीही विचारा, मराठीत उत्तर मिळायचं. आम्ही सर्वांनी सरांना पुढं केलं. त्यांनी भिंग काढलं, उगाच काचेवर धरलं आणि मुलाला लिहायला सांगितलं, "तुला दुखतं का?" उत्तर फार सुंदर आलं. आपल्याला खात्रीनं सांगता येत नाही, अशा अर्थाचं, नम्र, नीटनेटकं. कुणीतरी म्हणालं, "झालं सर. खेकड्यापेक्षा हे बरं, स्वतःच सांगतंय."

सरांनी भिंग खिशात ठेवलं. मग त्यांच्या त्या मावळतीच्या आवाजात म्हणाले, "खेकडा बोलत न्हाय म्हणून पंचाईत. ह्यो लई बोलतो म्हणून पंचाईत. ह्यानं आपल्याच रडण्याची पुस्तकं वाचलीत. 'दुखतं' म्हणाला तरी ते आपलंच ऐकून, 'दुखत न्हाय' म्हणाला तरी आपलंच. ह्याच्या बोलण्यावर जाऊन चालणार न्हाय. पाठ केलेलं नसेल असं काहीतरी ह्याच्याकडून मागावं लागेल. ते काय, मला सुचत न्हाय."

"मग आहे का नाही, काय ते सांगा," मी चिडून म्हणालो. मला त्यांच्या 'माहीत न्हाय'चा कंटाळा आला होता.

"ठरत न्हाय रे भूगोल. पण ठरेपर्यंत कसं वागायचं, ते तर आपल्याला ठरवता येतं?" असं म्हणून त्यांनी फोन परत देताना काचेवर बोट टेकवलं. टक टक. आम्ही पोट धरून हसलो.

त्याच वर्षी अण्णा पडले. सकाळी ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते, बसल्या जागी कलंडले. सोलापूरला नेलं. जीव वाचला, पण बोलणं गेलं, हातपाय गेले. डोळे उघडे असायचे, छताखाली भिंतीवर कुठंतरी लागलेले. डॉक्टर म्हणाले, "समज राहिली असेल असं आत्ता तरी दिसत नाही. पण बघत राहा." मी त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं. दुसरं तिथंच सोडून आलो.

पुढं घरात जे झालं, ते हळूहळू झालं. आल्यागेल्याला अडचण नको म्हणून अण्णांची खाट मागच्या खोलीत नेली. ऐकायला कुणी नाही म्हणून रेडिओ पुढंच राहिला. त्यांच्याशी बोलणं थांबलं, त्यांच्यावरून बोलणं सुरू झालं. अण्णा असे होते की, निवृत्त झाल्यावरही शर्टाचं गळ्याचं बटण लावल्याशिवाय सुनेसमोर आले नाहीत. त्यांचं धोतर आम्ही दार उघडं टाकून बदलायचो. दूधवाला यायचा, शेजारीण डोकावायची, आम्ही बदलत असायचो. एकदा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. एका हातानं अण्णांच्या तोंडाची लाळ पुसत मी त्याला म्हणालो, "आत कुणी राहिलं नाही रे आता. सुटले तर सगळ्यांचं बरं." मी थकलो होतो. कॉलेज, बस, कूस बदलणं, जखमा धुणं. थकलो होतो हे खरं आहे. पण थकलेला माणूसही आवाज हळू करू शकतो.

एका रविवारी मोमीन सर बसनं तेरला आले. नुकतेच ते निवृत्त झाले होते. मागच्या खोलीत गेले, खाटेच्या लाकडावर बोटानं दोनदा वाजवलं आणि वाकून म्हणाले, "अण्णा, मी मोमीन मास्तर. खेकडेवाला." मग त्यांची ती वाट बघण्याची सवय. मी दारात उभा राहून घामाघूम झालो. अण्णा छताखाली बघत राहिले.

त्यांनी डोळ्यांसमोरून बोट फिरवलं, भिंग फिरवलं. काही नाही. सर गेले. मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा आले. आल्या आल्या त्यांनी माझा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला आणि अण्णांसमोर धरून हळूहळू डावीकडं नेला. अण्णांचे डोळे त्याच्यामागं गेले. उजवीकडं आणला, तर उजवीकडं आले.

 मी म्हणालो, "सवय आहे ती सर. जन्मभर आरशात मागची गाडी बघितलेला माणूस. झोपेतसुद्धा बघेल."

सर खूश झाले. त्यांना कुणी अडवलं की ते खूश व्हायचे. "असंल. खरं हाय तुझं. मग सवयीनं देता येणार न्हाय असं उत्तर मागू." आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, व्हय म्हणायचं असंल तर वर छताकडं बघा. न्हायतर हाय तसंच राहा. हे तेर हाय का?"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. नजर वर गेली.

"मी तुमचा भाऊ हाय का?" नजर हलली नाही.

"हे तुळजापूर हाय का?" नजर पुन्हा वर गेली.

मी सुटल्यासारखा हसलो. "बघा. तुळजापूरलाही व्हय."

"थकले असतील. न्हायतर माझंच चुकतंय," सर म्हणाले. "एका वेळेवर काही ठरवू नये. झोपून उठल्यावर वेगळं, जेवल्यावर वेगळं. येत राहतो." आणि ते येत राहिले. कधी उत्तरं बरोबर यायची, कधी काहीच यायचं नाही. ते एकदाही मला "बघ, मी म्हणालो होतो" असं म्हणाले नाहीत. दरवेळी जाताना "अजून ठरत न्हाय" म्हणायचे. मला मात्र रविवारची भीती वाटायला लागली. कारण अण्णा आत असले, तर त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग तो रविवार. संगीता, माझी बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी होती. सर त्या दिवशी जरा जास्तच वेळ खोलीत इकडंतिकडं बघत राहिले. उघडं दार, खुंटीवरचं धोतर, बाहेरून दिसणारी खाट. मग वाकून म्हणाले, "अण्णा, एक विचारतो. कपडे बदलताना दार लावावं का?"

आणि अण्णांनी वर पाहिलं. लगेच पाहिलं. वर पाहिलं ते तसंच ठेवलं, आढ्याला नजर रोवून, पापणी न हलवता.

सर माझ्याकडं वळले. "बघितलंस?"

"मला तर काही दिसलं नाही."

"थांब, परत विचारतो."

"नको," मी म्हणालो. "पुरे झालं. माझा बाप म्हणजे तुमच्या टबातला खेकडा नाही. उठा. लोकांच्या घरात आत कुणी आहे का ते बघत फिरता, स्वतःच्या बायकोचे गुडघे तरी कधी बघितले का?"

हे मी अण्णांसमोर बोललो. सरांनी उठून आरसा परत खिळ्यावर अडकवला, तो तिरका लागला म्हणून सरळ केला. खाटेवर टक टक केलं. "येतो, अण्णा." चप्पल घालताना त्यांना ओट्याच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. मी हात दिला नाही. संगीताच्या हातात चहा तसाच राहिला.

त्यानंतर मी आरसा मोरीत नेऊन लावला. अण्णांचं सगळं करत होतो, पण त्यांच्या डोळ्यांकडं बघायचं टाळत होतो. पाहिलं नाही म्हणालो होतो ना, ते खरं करून दाखवत होतो.

काही आठवड्यांनी कॉलेजातून घरी आलो, तर मागच्या खोलीचं दार बंद. ढकललं, तर आतून संगीताचा आवाज आला, "थांबा. मामांचं धोतर बदलतेय."

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "दार कधीपासून लावतेस?"

"त्या रविवारपासून," ती म्हणाली. "मलाबी दिसलं होतं. तुमाला दिसलं न्हाय म्हणालात, म्हणून मी बोलले न्हाय. पण दार लावाया काय जातंय?"

सरांचं ते वाक्य, ठरेपर्यंत कसं वागायचं ते, तिनं कधी ऐकलं नव्हतं. मला ते तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सरांच्या घरी गेलो. दार भाभींनी उघडलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "या की. तुमचे उपकारच झाले. त्या दिवसापासून रोज तेल घेऊन बसतात. चोळताना विचारतात, 'इथं दुखतं का, किती दुखतं, कालच्यापेक्षा जास्त का?' आता मीच म्हणते, पुरे करा."

सर खाटेवर बसले होते. फार वाळले होते, बोलताना दम लागत होता. पण "काय भूगोल" म्हणाले, तसंच. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि म्हणालो, "सर, माफ करा. मला दिसलं होतं."

ते नेहमीसारखे थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, "ते मला त्याच वेळी कळलं होतं. तुझा चेहरा वाचायला भिंग लागत न्हाय. पण माझी माफी मागून काय फायदा? मी तर जागा होतो, हे सगळ्यांना माहीत हाय. ज्याच्याबद्दल शंका हाय, त्याची माग."

"त्यांना कळलं नाही तर?"

"कळलं न्हाय तर तुझं काय गेलं? आणि कळत असलं तर?"

भाभी नको म्हणत असताना ते माझ्यासोबत निघाले. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, आणि तेर येईपर्यंत त्या मोठ्या आरशात बघत राहिले.  त्या दिवसानंतर सरांना मी पाहिलं नाही. आधी अण्णा गेले, मग हिवाळ्यात सर गेले. अण्णा आत होते का, किती होते, कधी होते, हे ठरलं नाही. सर असते तर आजही तेच म्हणाले असते.

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत सरांनी खाटेवर बोटं वाजवली. "अण्णा, पोरगं आलंय. त्याला बोलायचंय तुमच्याशी." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वर बघतात का, ते बघू नको. इम्तिहान वेगळा, माफी वेगळी." आणि भिंत धरत बाहेर गेले. फटीतून मला उंबऱ्याबाहेर टेकलेली त्यांची पाठ दिसली. त्यांनी मागं हात नेऊन दार ओढून घेतलं.

मी अण्णांच्या पावलांवर हात ठेवला आणि पावलांकडंच बघत बोललो.

"अण्णा, तुमी ऐकताव का न्हाय, मला ठावं न्हाय. तुमी सुटलेलं बरं, असं म्या तुमच्या उशाशी बसून बोललो. दार उघडं टाकून तुमाला उघडं केलं. मास्तरनं इचारलं तवा तुमी वर बघितलं, ते म्या बघितलं होतं. बघितलं न्हाय म्हणालो. चुकलो, अण्णा. मला माफ करा."